अंग ठणकण्यापासून शीर तुटण्यापर्यंत: कडक व्यायाम, स्नायू आणि कंडरा यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भरतीची तयारी करणारी मुलं-मुली, शनिवार-रविवारी गडावर जाणारी मंडळी, चाळिशीत पहिल्यांदा जिममध्ये गेलेले लोक आणि या सगळ्यांचे काळजीत पडलेले आईवडील मला फिजिओथेरपिस्ट म्हणून वर्षभर जे प्रश्न पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवलेत. सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान प्रश्न ८ आणि प्रश्न १५ वाचा. बहुतेक दुखापती कशा होतात ते आठव्यात आहे. पंधराव्यात सांगितलेली खूण वेळेवर ओळखली नाही तर मूत्रपिंडं जाऊ शकतात.

१. व्यायाम केला त्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग का ठणकतं?

स्नायूच्या प्रत्येक धाग्यात अतिसूक्ष्म खंड साखळीच्या कड्यांसारखे ओळीने जोडलेले असतात. सवय नसलेला जोर पडला की त्यातले काही विस्कटतात. त्या क्षणी फारसं कळत नाही. पुढच्या काही तासांत तिथे थोडी सूज येते, मोडतोड साफ करणाऱ्या पेशी पोहोचतात, आणि स्नायूभोवतीच्या पातळ आवरणातली वेदनेची टोकं हळवी होतात. म्हणून दुखणं साधारण १२ ते २४ तासांनी सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं आणि आठवड्याभरात निघून जातं. याच काळात धाग्याच्या कडेला निपचित पडून असलेल्या राखीव पेशी जाग्या होऊन दुरुस्तीला हातभार लावतात. या पेशी १९६१ मध्ये पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या.

२. हे लॅक्टिक ॲसिड साचल्यामुळेच होतं ना? आमचे सर तसंच सांगतात.

नाही. जोरात पळताना मांड्या पेटल्यासारख्या होतात तेव्हा रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे ज्याला सर लॅक्टिक ॲसिड म्हणतात ते, वाढलेलं असतं हे खरं. पण थांबल्यावर साधारण तासाभरात ते पूर्वपदावर येतं आणि त्यातलं बरंचसं शरीर इंधन म्हणूनच वापरून टाकतं. दोन दिवसांनी दुखायला ते तिथे उरलेलंच नसतं. शिवाय उतारावर पळताना लॅक्टेट सपाटीपेक्षा कमी वाढतं, तरी दुसऱ्या दिवशी पाय जास्त दुखतात. ते का, हे पुढच्याच प्रश्नात.

३. सिंहगड चढताना दम लागला, पण पाय ठीक होते. उतरून आल्यावर दोन दिवस जिना उतरता येईना. उलटं नको का व्हायला?

विहिरीतून भरलेली कळशी ओढून काढताना आणि तीच कळशी दोराने हळूहळू आत सोडताना हातांना काय वाटतं ते आठवा. ओढताना स्नायू आखडत काम करतो. सोडताना तो लांबत असतो आणि त्याच वेळी भार धरूनही ठेवत असतो. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू हेच करतो: गुडघा वाकत जातो, स्नायू ताणला जातो आणि अख्ख्या शरीराचं वजन तो ब्रेकसारखं धरून ठेवतो. अशा लांबत्या कामात कमी धागे कामाला लागतात, म्हणून दम कमी लागतो. पण प्रत्येक धाग्यावर जोर जास्त येतो आणि मोडतोडही जास्त होते.

साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये आधी यवतेश्वरचा घाट चढायचा असतो आणि मग तोच उतरायचा असतो. पहिल्यांदा धावणारे चढाची तयारी करून येतात; त्यांच्या मांड्या जातात परतीच्या उतारावर. माझ्या दवाखान्याला अकरा पायऱ्या आहेत. पावसाळी ट्रेकनंतरच्या सोमवारी माणूस त्या पायऱ्या आडवा होऊन, कठड्याला दोन्ही हातांनी धरून उतरायला लागला की काय झालंय ते विचारावं लागत नाही.

यावर उपाय एकच, उतरण्याचा सराव. आधी छोटी टेकडी, मग मोठी. उतरताना पावलं छोटी टाका आणि काठी घ्या.

४. व्यायामानंतर काहीच दुखलं नाही, म्हणजे तो वाया गेला का?

नाही. दुखणं हे नवखेपणाचं लक्षण आहे, प्रगतीचं नाही. रोज जोर-बैठका काढणाऱ्या पैलवानाच्या मांड्या ठणकत नाहीत. म्हणून त्याची ताकद वाढत नाही असं कुणी म्हणेल का?

५. पाय भरून आलेत. आज पुन्हा व्यायाम करू की सुट्टी घेऊ?

हलका करा. चालणं, सायकल, पोहणं चालेल. रक्त फिरलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. त्याच स्नायूंना पुन्हा कडक व्यायाम मात्र दोन-तीन दिवस देऊ नका, कारण त्यांची ताकद अजून खरोखरच कमी असते. थकलेला स्नायू धक्का झेलत नाही आणि तो गुडघ्या-घोट्यांवर जातो.

यात एक चांगली गोष्टही आहे. एकदा असं दुखून गेलं की तोच व्यायाम पुढच्या वेळी खूप कमी दुखतो आणि हे संरक्षण कित्येक आठवडे टिकतं. रथसप्तमीला एकदम १०८ सूर्यनमस्कार घालून नंतर चार दिवस हात वर न करता येणाऱ्यांना मी दरवर्षी हेच सांगते: आधीचे तीन-चार आठवडे बारा, मग चोवीस, मग पन्नास घाला. पंधरा दिवस आधी घातलेले पन्नास नमस्कारही त्या दिवशी उपयोगी पडतात.

६. बर्फ, गरम पाणी, तेलाची मालिश, दुखण्याची गोळी, यातलं नेमकं काय करावं?

मालिशने दुखणं थोडं कमी होतं, गरम पाण्याने बरं वाटतं, दोन्ही करा. पायांना तेल चोळून घेणारे वारकरी काही चुकत नाहीत. व्यायामाआधी किंवा नंतर ताण देण्याने मात्र या दुखण्यात जवळपास काहीच फरक पडत नाही. अनेक अभ्यास एकत्र पाहिले तेव्हा शंभरातला एखादा गुण, इतकाच परिणाम निघाला. लवचिकतेसाठी ताण द्या, ठणक टळेल म्हणून नको.

बर्फाच्या पाण्यात बसण्याचं सध्या वेड आहे. लागोपाठ सामने असतील तर ठीक. पण स्नायू वाढवायला वजनं उचलत असाल आणि प्रत्येक वेळी लगेच थंड पाण्यात बसत असाल तर स्नायूंची वाढ कमी होते. दुरुस्तीची जी धामधूम हवी असते तीच थंडावते. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या रोज, मोठ्या मात्रेत घेतल्या तरी तरुणांमध्ये असाच परिणाम दिसला आहे. एखाद्या दिवशी घेतलेल्या गोळीने बिघडत नाही. अपवाद एकच आणि तो मोठा आहे, प्रश्न १५ मधला.

७. शीर, नस, कंडरा, लिगामेंट हे सगळं एकच का?

बोलताना आपण सगळ्याला शीर म्हणतो, पण शरीरात या गोष्टी वेगळ्या आहेत. शीर म्हणजे खरं तर रक्तवाहिनी आणि नस म्हणजे मेंदूचे निरोप नेणारा मज्जातंतू. स्नायू ज्या पांढऱ्या, चिवट दोरीने हाडाला जोडलेला असतो ती कंडरा, म्हणजे टेंडन. हाडाला हाडाशी बांधून ठेवतो तो लिगामेंट. पाय मुरगळतो तेव्हा तो ताणला जातो. ‘शीर आखडली’ म्हणतो तेव्हा बहुधा स्नायूत गोळा आलेला असतो.

कंडरा बोटांनी पाहायची असेल तर टाचेच्या वर, मागच्या बाजूला अंगठा आणि तर्जनीने चिमूट धरा. जाड दोरीसारखी लागते ती शरीरातली सगळ्यात मजबूत कंडरा, अकिलीस. ती मुख्यतः कोलेजन नावाच्या चिवट प्रथिनाच्या समांतर धाग्यांची बनलेली असते. तिच्यात पेशी थोड्या आणि रक्तपुरवठा बेताचा. पुढचं सगळं दुखणं इथूनच निघतं.

८. महिन्याभरापासून १६०० मीटरची तयारी करतोय. दम वाढला, वेळ कमी झाला आणि आता टाचेच्या वरची शीर सकाळी धरते. सगळं चांगलं चाललेलं असताना आत्ताच का?

सगळं चांगलं चाललंय म्हणूनच. वर्षातून सगळ्यात जास्त वेळा हा प्रश्न येतो, आणि येतो तो चौथ्या ते आठव्या आठवड्यात.

शरीरातली प्रत्येक गोष्ट आपल्या गतीने तयार होते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मेंदू आणि नसा स्नायूंना नीट कामाला लावायला शिकतात, म्हणून ताकद झपाट्याने वाढते. त्याच सुमाराला दम सुधारतो. दीड-दोन महिन्यांत स्नायू दिसायला लागतात. कंडरेला मात्र फरक पडायला साधारण तीन महिने लागतात. म्हणजे महिन्याभराने इंजिन नवं झालेलं असतं आणि दोर जुनाच असतो. मुलगा वेगात पळतो, कारण त्याला आता पळता येतं. पळताना प्रत्येक पावलाला अकिलीसवर शरीराच्या वजनाच्या सहा-सात पट ताण येतो. साठ किलोच्या मुलाच्या एका टाचेवर जवळजवळ चारशे किलो, तेही १६०० मीटरमध्ये चार-पाचशे वेळा.

दुसरी गोष्ट दिवसांची. कडक व्यायामानंतर कंडरेतल्या जुन्या कोलेजनची मोडतोड लगेच वाढते. नवं बनायलाही तेव्हाच सुरुवात होते, पण पहिला दीडेक दिवस मोडतोडच पुढे असते. भर पडते ती त्यानंतर, तिसऱ्या दिवसापर्यंत. रोज सकाळी वेगाची धाव घेणारा मुलगा कंडरेला रोज वजाबाकीत ठेवतो. म्हणून वेगाच्या धावा आणि उड्या आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा, मध्ये दोन दिवसांचं अंतर ठेवून घ्या. बाकीच्या दिवशी सावकाश पळणं, गोळाफेक, हातांचा व्यायाम.

मला मनापासून वाईट वाटतं ते इथे. घरच्यांनी शेतीच्या पैशातून तीन महिन्यांची फी भरलेली असते, आणि त्या तीन महिन्यांत ‘अजून जोरात’ एवढंच शिकवलं जातं. पोरं कष्टाला कमी पडत नाहीत, कमी पडतात कॅलेंडरला. भरतीची जाहिरात निघायची वाट न पाहता सहा महिने आधी सावकाश सुरुवात केली तर यातल्या बहुतेकांना माझ्याकडे यावंच लागणार नाही.

९. मग ती शीर बरी होईपर्यंत पूर्ण विश्रांती घेऊ का?

पूर्ण नको. आठवडाभर धावणं आणि उड्या बंद करा, पण कंडरेला भार द्या. भाराशिवाय ती आणखी कमकुवत होते. विश्रांतीने दुखणं जातं आणि पळायला लागलं की तिसऱ्या दिवशी परत येतं, हा अनुभव तुम्हालाही आला असेल.

१९९८ मध्ये स्वीडनमधल्या हाकान आल्फ्रेडसन या अस्थिशल्यचिकित्सकाने साधा व्यायाम वापरून पाहिला. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, दोन्ही पायांनी टाचा उचलायच्या, मग सगळा भार दुखऱ्या पायावर घेऊन टाच सावकाश पायरीच्या खाली उतरवायची. एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा वाकवून, प्रत्येकी १५ वेळा असे ३ फेरे, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. म्हणजे रोज १८० वेळा. त्याचे १५ धावपटू त्यानंतर पुन्हा पळायला लागले. आज आठवड्यातून तीनदा जास्त वजनाने, सावकाश केलेल्या व्यायामानेही तितकाच गुण येतो असं दिसतं, आणि मी कामावर जाणाऱ्यांना तोच देते.

करताना दहापैकी तीन-चार इतकं दुखलं तरी चालेल. कसोटी दुसऱ्या दिवशी सकाळची: अंथरुणातून उठून टाकलेली पहिली दहा पावलं कालच्यापेक्षा जास्त धरत असतील तर काल भार जास्त झाला.

एक अपवाद. दुखणं कंडरेच्या मध्यावर नसून अगदी टाचेच्या हाडाला चिकटते तिथे असेल तर टाच पायरीच्या खाली उतरवू नका. सपाट जमिनीपर्यंतच आणा. खाली गेल्यावर कंडरा तिथे हाडावर दाबली जाते आणि दुखणं वाढतं.

१०. नडगी दुखते. हेही तेच का?

एका बोटाने दाबून पाहा. नडगीच्या आतल्या कडेला वीतभर पट्टा दुखत असेल आणि पळायला लागल्यावर थोडं सैल पडत असेल तर ते बहुधा हाडाच्या आवरणाचं दुखणं आहे. भार कमी करा, बरं होतं. नाण्याएवढ्या एकाच जागी कळ येत असेल, चालतानाही किंवा रात्रीही दुखत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. पळणं त्याच दिवशी थांबवा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे साफ येऊ शकतो, म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ या भरवशावर पुन्हा मैदानात जाऊ नका. जांघेत खोल दुखत असेल तर डॉक्टरांना लगेच दाखवा; मांडीच्या हाडाच्या मानेतली चीर पुढे तुटू शकते.

मुलींनी आणखी एक सांगायला लाजू नये: तयारी सुरू झाल्यापासून पाळी चुकतेय का? खाणं कमी आणि कष्ट जास्त झाले की आधी पाळी थांबते, मग हाडं ठिसूळ होतात.

११. कंडरा मजबूत व्हायला कोलेजन पावडर घेऊ का? आम्ही शाकाहारी आहोत.

कोलेजन आणि जिलेटिन प्राण्यांपासूनच काढतात, हे आधी लक्षात घ्या. जिलेटिन आणि क जीवनसत्त्व घेऊन तासाभराने दोरीवरच्या उड्या मारल्यावर रक्तात कोलेजन बनण्याची खूण वाढल्याचं एका छोट्या अभ्यासात दिसलं. त्यात माणसं होती आठ. तेवढ्यावर महिन्याला हजारो रुपये घालवावेत असं मला वाटत नाही. क जीवनसत्त्व मात्र हवंच. त्याच्याशिवाय शरीराला पक्कं कोलेजन विणता येत नाही. एक आवळा किंवा पेरू पुरतो. बाकी डाळ, उसळ, दूध, दही, अंडं चालत असेल तर अंडं.

१२. बाबा ५४ वर्षांचे आहेत, तरुणपणी कबड्डी खेळायचे. आता सोसायटीच्या सामन्यात उतरायचं म्हणतात. उतरू द्यावं का?

तयारी करून, जरूर. १९५५ ते १९६३ या काळात झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेत एका प्रकारचा कार्बन वाढला आणि तो त्या काळातल्या सगळ्यांच्या शरीरात गेला. डॅनिश संशोधकांनी २०१३ मध्ये अकिलीसच्या गाभ्यात तो मोजला आणि त्यांना दिसलं की हा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत बनतो आणि पुढे जवळजवळ बदलतच नाही. म्हणजे बाबांच्या टाचेतली दोरी त्यांनी कबड्डी खेळताना वापरली तीच आहे. स्नायूंना जुनी चपळाई आठवते, पण तीस वर्षं खुर्चीत बसलेल्या दोरीला एकदम झेप सोसत नाही. तीन महिने टाचा उचलण्याचे व्यायाम, मग छोट्या धावा, मग चढाई.

१३. खांद्यात, कोपरात इंजेक्शन घेतल्यावर लगेच बरं वाटलं. मग व्यायाम कशाला?

स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे आराम देतं. कोपराच्या बाहेरच्या दुखण्यात मात्र वर्षभराने पाहिलं तर इंजेक्शन न घेतलेले जास्त बरे असतात. थेट कंडरेत घेतलं तर ती कमकुवत होऊ शकते. अकिलीसमध्ये तर टाळावंच. घेतलंच असेल तर दुखत नाही म्हणून दुसऱ्या दिवशी वजनं उचलू नका.

१४. अँटिबायोटिक चालू असताना व्यायाम केला तर?

बहुतेक गोळ्यांनी कंडरेला काही होत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन या गटाची गोष्ट वेगळी. यांनी कंडरा सुजू शकते, क्वचित तुटूही शकते. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ मध्ये तसा ठळक इशारा औषधाच्या माहितीपत्रकात छापायला लावला. साठीच्या पुढे आणि सोबत स्टेरॉइड चालू असेल तर धोका जास्त. गोळी मनाने बंद करू नका. टाच धरायला लागली तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा आणि उड्या-धावणं थांबवा.

१५. पहिल्याच दिवशी ५०० बैठका काढायला लावल्या. आता मांड्या दगडासारख्या झाल्यात आणि लघवी काळ्या चहासारखी होतेय. पाणी पिऊन कमी होईल का?

घरी थांबू नका. आत्ताच रुग्णालयात जा.

स्नायूंचे धागे मोठ्या प्रमाणावर फुटले की त्यातलं मायोग्लोबिन नावाचं लालसर प्रथिन रक्तात उतरतं. कोरा चहा किंवा कोलासारखा लघवीचा रंग त्याचाच असतो. हे मूत्रपिंडं निकामी करू शकतं. सोबत बाहेर पडलेलं पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. १९४१ मध्ये लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली चिरडलेल्या माणसांमध्ये डॉक्टरांनी याचं नीट वर्णन केलं. तोच प्रकार बैठकांनीही होतो, जगभरच्या सैन्यभरतीत तो माहीत आहे. उन्हात, उपाशीपोटी, नवख्याला, एकच व्यायाम शेकड्यांनी करायला लावला की धोका वाढतो.

रुग्णालयात सीपीके नावाची रक्ततपासणी सांगा. सीपीके हे स्नायूंतलं द्रव्य आहे, धागे फुटले की ते रक्तात येतं. ते एरवी दोनशेच्या आसपास किंवा कमी असतं, इथे हजारोंत, कधी लाखांत जातं. उपचार मुख्यतः शिरेतून सलाईन. वेळेवर मिळालं तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात. दुखण्याची गोळी घेऊ नका, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक तर मुळीच नको. आधीच अडचणीत असलेल्या मूत्रपिंडांवर त्या भर घालतात.

एक मुलगा माझ्याकडे मांड्यांना शेक घ्यायला आला होता. वडिलांनी सहज म्हणून सांगितलं, ‘उन्हामुळे लघवीला लाल होतंय.’ शेक दिला नाही, रिक्षा बोलावली. शिक्षा म्हणून बैठका देणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने हे वाचावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

१६. आमच्याकडे सिकलसेल आहे. मुलगा ‘वाहक’ आहे, त्याला काही त्रास नाही. भरतीची तयारी करू शकेल का?

करू शकेल. विदर्भात, नंदुरबार-धुळ्याकडे हा प्रश्न नेहमी येतो. सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार आहे; वाहकाला त्याचं जनुक आईवडिलांपैकी एकाकडूनच आलेलं असतं, तो आजारी नसतो. अमेरिकी सैनिकांच्या मोठ्या अभ्यासात वाहकांचा मृत्युदर जास्त आढळला नाही, पण प्रश्न १५ मधला प्रकार त्यांच्यात सुमारे दीडपट आढळला. म्हणून भार हळू वाढवावा, भरपूर पाणी प्यावं, तापात आणि भर उन्हात पळू नये. धावताना पाय एकाएकी गळून गेले तर ‘नाटक करतोय’ म्हणून उठवू नये. सावलीत आडवं करून लगेच रुग्णालयात न्यावं. प्रशिक्षकाला हे आधी सांगून ठेवा.

१७. कंपनीच्या आरोग्य तपासणीत एसजीओटी-एसजीपीटी वाढलेलं निघालं. मी दारू पीत नाही. तीन दिवस आधी जिममध्ये पायांचा जोरदार व्यायाम केला होता. संबंध आहे?

असू शकतो. यकृत बिघडलं की वाढतात म्हणून मोजली जाणारी ही द्रव्यं स्नायूंतही असतात, आणि सवय नसताना वजनं उचलली तर आठवडाभर वाढलेली राहू शकतात. डॉक्टरांना व्यायामाचं सांगा. सोबत सीपीके वाढलेलं आणि जीजीटी, म्हणजे यकृताचंच पण स्नायूंतून न येणारं द्रव्य, नॉर्मल असेल तर बोट स्नायूंकडे जातं. आठ-दहा दिवस कडक व्यायाम न करता तपासणी पुन्हा करा. तरीही वाढलेलंच निघालं तर यकृताची नीट तपासणी हवी.

१८. बॅडमिंटन खेळताना मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं, ‘कट्’ आवाज आला. पण चालता येतंय, बोटं हलतात. मग शीर तुटली नसेल ना?

तुटलेली असू शकते. पाऊल खाली दाबायला इतरही छोटे स्नायू मदत करतात, म्हणून अकिलीस पूर्ण तुटूनही माणूस लंगडत चालतो, बोटं हलवतो, आणि पंधरा दिवस लचक समजून लेप लावत बसतो.

घरी पाहता येतं. पलंगावर पालथं झोपा, पावलं कडेबाहेर लोंबू द्या. दुसऱ्या कुणाला तरी पोटरी दोन्ही बाजूंनी दाबायला सांगा. चांगल्या पायाचं पाऊल दाबल्याबरोबर खाली हलतं. दुखऱ्या पायाचं हललं नाही तर कंडरा तुटली आहे असं धरून चाला. टाचेवर दोन-तीन इंचांवर बोट फिरवलं तर खाचही लागते. पाऊल खाली वळलेलं राहील अशा स्थितीत पट्टी बांधा, त्यावर भार देऊ नका आणि अस्थिरोगतज्ज्ञांकडे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पोहोचा. तुटलेली टोकं जवळ असतात तोवर नुसत्या बुटाने, टाच उंच ठेवूनही ती सांधता येतात. उशीर झाला की ती वर ओढली जातात आणि मग शस्त्रक्रियेचाच मार्ग उरतो.